चाक थांबेपर्यंत

तेलाचा कॉक बंद केल्यावर इंजिनाचं मोठं चाक थांबायला किती वेळ लागतो, हे त्या जिनात एकट्या उकंडरावांना ठाऊक होतं. घड्याळ मॅनेजरच्या खोलीत होतं, म्हणून ते तोंडातल्या तोंडात मोजत. सावकाश एक, दोन, तीन करत गेलं की एकशे दहाला चाक शेवटचा झोका घेई, जरासं मागं येई आणि मग थांबे. बावीस वर्षं दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा त्यांनी ते इंजिन बंद केलं होतं. पण मोजायला सुरुवात झाली ती सदुसष्ट सालच्या दसऱ्यानंतर, जावई भुयारात उतरायला लागल्यापासून.

कापसाचं ते जिन अमडापूरच्या शिवेबाहेर, उंद्रीच्या अंगाला होतं. लांबलचक टिनाच्या छपराखाली एका चौथऱ्यावर दोन ओळींत चोवीस रेचे. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. प्रत्येक रेच्यामागं एक बाई बसून ओंजळीनं कापूस भरवायची; पुढून रुई निघायची, खाली सरकी गळायची. आणि या चौथऱ्याच्या पोटात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक अरुंद भुयार होतं. त्या भुयारात माणसाच्या छातीच्या उंचीवर एक लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा. इंजिन शाफ्टला फिरवी आणि शाफ्टवरून वर गेलेले चामडी पट्टे चोवीस रेच्यांना फिरवीत. शाफ्ट नऊ ठिकाणी टेकलेला होता. त्या नऊ टेकूंना दिवसातून चार वेळा तेल घालावं लागे, आणि तेल घालणारा माणूस भुयारात जाई तेव्हा शाफ्ट फिरतच असे. इंजिन एकदा बंद पडलं की पुन्हा बत्ती लावून त्याचं डोकं तापवायचं, तिघांनी चाकाच्या आऱ्या धरून ते हलवायचं, यात पाऊण तास जायचा. तेल घालण्यापायी पाऊण तास कोण घालवणार?

खरं तर घालवायची गरजच नव्हती. ज्यानं हे सगळं बसवलं त्यानं सोय करून ठेवली होती. शाफ्टच्या तोंडाशी दोन पुल्या शेजारीशेजारी होत्या. एक शाफ्टला पक्की, दुसरी नुसतीच मोकळी फिरणारी. इंजिनघरातला एक दांडा ओढला की मोठा पट्टा पक्क्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकायचा. इंजिन आपलं चालू, आणि शाफ्ट गप्प. तेल घालून माणूस बाहेर आला की दांडा परत ढकलायचा. पण दांडा गंजून जाम झाला त्याला आता वर्षं लोटली होती. मोकळी पुलीही वंगणावाचून शाफ्टला चिकटली होती आणि त्याच्याबरोबर फिरत होती. दांड्यावर कोणीतरी टोपी अडकवी, कोणी भाकरीचं फडकं.

उकंडरावांच्या आधीची तीन भावंडं जन्मल्या जन्मल्या गेली होती. चौथं हे झालं तेव्हा आईनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उकंडा ठेवलं. विसाव्या वर्षी ते जिनात आले तेव्हा वाफेचं इंजिन होतं; ते कोळसा टाकत. मग तेलाचं इंजिन आलं. बसवायला आलेला मुंबईचा मिस्त्री पंधरा दिवस राहिला आणि जाताना सगळ्या खाणाखुणा या कोळसेवाल्याच्या हाती देऊन गेला. उकंडरावांना अक्षर येत नव्हतं. पण घरी जेवताना वाऱ्यावर आलेला इंजिनाचा ठोका ऐकून ते सांगत, की तेल जास्त जातंय की कमी. गाव त्यांना डायवर म्हणे.

दर दसऱ्याला इंजिनाची पूजा व्हायची. नारळ फुटला की उकंडराव मॅनेजरांना म्हणत, "साहेब, दांडा जाम हाय."

मालक शेठ खामगावचे, मॅनेजर चिंतामणराव बुलढाण्याचे. सरळ माणूस, कोणाला कधी अरेतुरे करत नसत. ते म्हणत, "सीझन संपू द्या, उकंडराव. मग नीट करून घेऊ."

वैशाखात सीझन संपे. चिंतामणराव बुलढाण्याला जात, उकंडराव भावाच्या शेतावर, जिनाला कुलूप. मग पुन्हा दसरा, पुन्हा नारळ. हे बोलणं नऊ वेळा झालं होतं, आणि आता तेही पूजेचाच एक भाग होऊन बसलं होतं. वर्षाकाठी सरकारी निरीक्षक यायचा, त्याच्यासाठी छापील तक्ता भरावा लागे. त्यात ‘पट्टा सरकवण्याची व्यवस्था’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढं चिंतामणराव ‘चालू स्थितीत’ असं लिहीत. त्यांनी ते मनानं लिहिलेलं नव्हतं. मागच्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून ते उतरवून काढत. आधीच्या मॅनेजरनंही तसंच केलं होतं. कधी काळी ते खरंही होतं.

उकंडरावांना मनातून एक गोष्ट कबूल होती. उन्हाळ्यात किल्ली मागून घेऊन दोन दिवस घालवले असते, तर दांडा आपणच सोडवला असता. पण सांगितलं की आपलं काम झालं, असं त्यांनाही वाटत आलं होतं. शिवाय भुयारात रामराव होता. ठेंगणा, काटक, धोतराचा काचा घट्ट मारलेला रामराव. चौदा वर्षं तो चालत्या शाफ्टला तेल घालत होता आणि त्याला खरचटलंही नव्हतं. दांड्याचं कोणी काढलंच तर रामरावाकडं बोट दाखवलं की गोष्ट मिटायची.

यंदा रामरावाचे डोळे गेले. आणि उकंडरावांची मुलगी रुख्मिणी माहेरी आली ती तेच घेऊन.

"बाबा, रामरावबुवाची जागा मोकळी झाली म्हन्तेत. यायले सांगा ना लावून." ‘यायले’ म्हणजे तिच्या नवऱ्याला, इंद्रभानला.

"भुयारातलं काम हाय ते, बाई."

"मंग? रामरावबुवा मेला का चौदा वर्सात?"

उकंडरावांनी शब्द टाकला, चिंतामणरावांनी तो मानला. इंद्रभान कामावर आला आणि जिनाजवळच खोली घेऊन राहिला.

इंद्रभान उंच होता. रामरावाच्या डोक्यावरून जाणारे पट्टे त्याच्या कानाला वारा घालत. शाफ्टचे तुकडे जिथं जोडले होते तिथल्या बोल्टांची डोकी दोन-दोन बोटं बाहेर आलेली होती. फिरताना ती दिसत नसत, नुसती एक करडी धूसर पट्टी दिसे. रामरावाला ती छातीशी यायची आणि तो अंग चोरून जायचा. इंद्रभानला टेकूत तेल घालायचं तर वाकावं लागे, आणि वाकलं की त्या पट्टीजवळ त्याचा गळा येई. इंजिनघराच्या भिंतीला पट्टा जायला एक चौकोनी भोक होतं. त्यातून उकंडरावांना भुयाराचं दार आणि आतली दहा-पंधरा हात जागा दिसे. इंद्रभानची पाठ आत दिसेनाशी झाली की ते मोजू लागत. आत्ता काही झालं आणि आत्ता कॉक बंद केला, तर एक, दोन, तीन.

एकशे दहापर्यंत माणसाचं काय उरतं, हे त्यांना माहीत होतं. मलकापूरकडच्या एका जिनातली गोष्ट त्यांनी ऐकली होती.

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?" घरी बायको, मंजुळाबाई, विचारत.

"मोजून राह्यलो."

"काय?"

"काई नाई. भाकर दे."

एकदा त्यांनी इंद्रभानला इंजिनाच्या पाण्याच्या हौदाजवळ गाठलं. "जवाईबापू, सदऱ्याच्या बाह्या कापून टाका."

"नवा सदरा हाय, मामाजी. तुमची पोरगी मले घरात घेईन का?"

"निदान जाताना काढून तरी ठेवत जा."

"थंडीचे दिवस हायेत." इंद्रभान हसला. "रामरावबुवानं सांगतलं मले सारं. म्हणे, शाफ्टले भ्यायचं नाई. चार दिवसांत अंगाले सवय होते."

चार दिवसांत नाही, पण महिनाभरात सवय झाली. इंद्रभान आता शीळ घालत भुयारात जाई. उकंडरावांना ती शीळ ऐकून जास्त धास्ती वाटे.

माघातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात तीसेक बैलबंड्या कापूस घेऊन उभ्या होत्या. इंद्रभान भुयारातून वर आला तो हसतच, उघड्या डोक्यानं.

"मामाजी, तुमच्या शाफ्टनं माहा दुपट्टा खाल्ला."

"कसा?"

"खांद्यावर होता. वाकलो तं सरकला, अन् सर्रकन गेला. पाह्यलं बी नाई मी. गळ्याभोवती असता तं—" तो थांबला, आणि पुन्हा हसला. "जाऊ द्या. जुनाच होता."

उकंडराव भिंतीच्या भोकाशी गेले. आत, दुसऱ्या टेकूजवळच्या जोडावर, काहीतरी पांढरट गोल फिरत होतं. दुपट्टा बोल्टांवर इतका घट्ट गुंडाळला गेला होता, की कापड आहे हे माहीत नसतं तर शाफ्टला चुना लागलाय असं वाटलं असतं.

ते तसेच मॅनेजरच्या खोलीत गेले. चिंतामणराव वजनाच्या चिठ्ठ्या पाहत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कोणाला लागलं का?"

"नाई."

"मग सुटलो."

"आज सुटलो, साहेब."

"उकंडराव, बाहेर बघा. आज या बंड्या, उद्या याहून जास्त. शेठचा माणूस परवा खामगावहून रुई न्यायला येतोय. आत्ता इंजिन बंद करून दांडा ठोकत बसू म्हणता?" त्यांनी डायरी ओढली. "सीझन संपला की पहिलं काम तुमचं. हे पाहा, लिहून ठेवतो."

आणि त्यांनी खरोखरच लिहून ठेवलं.

उकंडराव इंजिनापाशी परत आले. कॉक हाताच्या अंतरावर होता. त्यांनी हात उचलला, पण तो कॉकवर जाईना. बावीस वर्षांत दुपारच्या घंटेआधी तो हात तिथं कधी गेला नव्हता. मनानं ठरवलं होतं, हात ऐकत नव्हता. त्यांनी हात मांडीला पुसला, पुन्हा उचलला, आणि कॉकवर न ठेवता तेलाची कुपी पुसून जागेवर ठेवली. इंजिन आपल्या ठोक्यात चाललं होतं. त्या ठोक्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि न बिघडलेलं इंजिन बंद कसं करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

भोकातून इंद्रभान दिसला. राहिलेल्या टेकूंना तेल घालायला तो परत वाकून आत शिरत होता. शीळ ऐकू आली.

उकंडरावांनी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, कॉकवर नेलं आणि पिळलं.

एक, दोन, तीन. ठोका थांबला, पण चाक पहिल्याच वेगानं फिरत होतं. वीस. तीस. इंद्रभानला आत कळलंही नसावं, शाफ्ट तर फिरतोच आहे. साठला रेच्यांचा आवाज जड झाला. नव्वदला शीळ थांबली आणि इंद्रभान दारातून बाहेर आला. एकशे दहाला चाक झोका घेऊन मागं आलं. वर चौथऱ्यावर बायांचे हात अजून चालूच होते. थांबलेल्या रेच्यांत त्या आणखी दोन-दोन, तीन-तीन ओंजळी कोंबत राहिल्या, मग एकेक हात थबकला. जिनात इतकं शांत झालं की बंड्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्या ऐकू आल्या.

पहिल्यांदा आली ती अन्नपूर्णाबाई, सगळ्या रेचेवाल्यांत वडीलधारी आणि तोंडानं तिखट. "काय डायवर, इंजिन मेलं का तुमी?"

"दोघं बी जिते हाओ."

"मंग आमाले काऊन मारता? चालू करा ना."

तिच्यामागून बंडीवाले आले. उंद्रीचे उत्तमराव पुढं होते. "पहाटी बंड्या जुतल्या आमी. काय मोडलं?"

"काई नाई मोडलं. मीच बंद केलं. दांडा सुटला की चालू करतो."

"कोनता दांडा?"

उकंडरावांनी दांडा दाखवला. त्यावर कोणाची तरी टोपी होती. लोक एकदा टोपीकडं आणि एकदा उकंडरावांकडं पाहू लागले. हा माणूस असा नव्हता. काहीतरी अंगात आलं असावं, असं कोणीतरी हळूच बोललं. चिंतामणराव चष्मा सावरत आले. "उकंडराव, इंजिन लावा," एवढंच म्हणाले. उकंडरावांनी घासलेटचा डबा उचलला, हातोडा आणि छन्नी घेतली, आणि लोकांमधून वाट काढत भुयारात उतरले.

मोकळ्या पुलीच्या आऱ्यांमधून खांद्यापर्यंत हात घातला तरच पुली आणि शाफ्ट यांच्यामधली फट सापडत होती. ते गुडघ्यावर बसले, डावा हात आत घातला, बोटांनी फट चाचपली आणि घासलेट सोडलं. मग छन्नी लावून हातोडा. गंजाचे पोपडे तोंडावर उडू लागले.

बाहेर चिंतामणराव विचारत होते, "इंद्रभान, तुम्हाला इंजिन लावता येतं?"

"पाह्यलं हाय, साहेब. लावलं नाई."

"मग आज लावा. नाहीतर उद्यापासून दोघंही येऊ नका. मी शेठना काय तोंड दाखवू?"

मग बत्तीची फुरफुर सुरू झाली. बत्ती म्हणजे मोठ्या स्टोव्हसारखी ज्योत; ती इंजिनाच्या डोक्याखाली धरली की वीस मिनिटांत ते लाल होतं. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाचं डोकं दहातच होईल. मग तिघं चाक हलवतील. चाक हललं की पट्टा हलेल, पट्टा हलला की पक्की पुली, आणि तिच्याबरोबर शाफ्ट, आणि शाफ्टला चिकटलेली ही पुली, जिच्या आऱ्यांत त्यांचा हात होता.

उकंडरावांनी छन्नी जरा तिरपी केली. नवख्याच्या हाताला इंजिन लागत नाही, एवढी एक आशा होती. पण जावई हुशार होता, हे त्यांनीच चारचौघांत सांगितलेलं होतं. बाहेर निघावं? निघालं की संपलं. मग वैशाख, कुलूप, दसरा. हातोडा पडत राहिला. फुरफुर ऐकून डोकं किती तापलं हे त्यांना कळत होतं. आता काळ्याचं तांबूस झालं असेल. आता लाल.

भुयाराच्या दारात अंधार झाला. इंद्रभान वाकून आत पाहत होता. "मामाजी, डोकं लाल झालं. बाहेर या."

"तुमी लावा इंजिन."

"तुमचा हात आत हाय."

"हाय. चालत्या शाफ्टवरच काम करायची रीत हाय ना आपल्याकडं? चार दिवसांत अंगाले सवय होते."

इंद्रभान दोन पावलं आत आला. शाफ्ट थांबलेला असताना तो भुयारात पहिल्यांदाच उभा होता. जोडावरचा दुपट्टा त्याच्या नाकासमोर होता. त्यानं तो ओढून पाहिला, सुटेना. दोन्ही हातांनी ओढला. तरी सुटला नाही. तो वळला आणि भराभर बाहेर गेला. फुरफुर थांबली.

"काय झालं?" चिंतामणरावांचा आवाज.

"मामाजी आत हायेत."

"त्यांना बाहेर काढा."

"निघत नाईत ते."

"मग?"

"मंग चाक तुमी फिरवा, साहेब. मी नाई फिरवत."

चिंतामणरावांना या जिनात नऊ वर्षं झाली होती. ते भुयारात कधी उतरले नव्हते. उतरायचं कारणच पडलं नव्हतं. धोतराचा सोगा हातात धरून ते वाकले आणि आत आले. खांद्यापर्यंत पुलीत गेलेला म्हाताऱ्याचा हात त्यांनी पाहिला. बोल्टांची डोकी पाहिली, त्यावरचं कापड पाहिलं. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"किती वेळ लागेल?"

"दोन तास. जास्त बी लागतीन."

चिंतामणराव उभे राहिले तसं त्यांचं डोकं वरच्या पट्ट्याला लागलं. ते बाहेर जाऊन म्हणाले, "जेवणाची सुट्टी आज लवकर झालीय. सगळ्यांनी भाकरी खाऊन घ्या." इंजिन बंद केलं, असं ते म्हणालेच नाहीत. त्यांच्या वहीतही त्या दिवशी सुट्टी लांबली असंच लिहिलेलं होतं.

दोन तासांचे चार झाले. बाया उन्हात बसल्या, बंडीवाल्यांनी बैल सोडले. अन्नपूर्णाबाईनं आपल्या खोलीतला घासलेटचा डबा आणून भुयाराच्या दारात आपटला. "रातच्याले माह्या घरी अंधार पडन," ती म्हणाली, "पन तुमचं एकदाचं होऊ द्या." मग उत्तमराव बंडीतली पहार घेऊन आत शिरले, कारण उद्यापर्यंत थांबण्यापेक्षा हात लावणं त्यांना सोयीचं वाटलं. इंद्रभाननं दुपट्टा चाकूनं कापून काढला आणि मग सासऱ्यांच्या जागी स्वतः हात घातला. दुपार कलली तेव्हा पुलीतून कडकन आवाज आला आणि ती वीतभर फिरली, एकटी.

दांड्याला त्यानंतर फारसा वेळ लागला नाही. उकंडरावांनी इंजिन लावलं, ठोका धरला, शाफ्ट फिरू लागला. मग दोन्ही हातांनी त्यांनी दांडा ओढला. पट्टा चरचरत बाजूला सरकला. एक, दोन, तीन. आठला शाफ्ट थांबला. इंजिन चालू होतं, चाक फिरत होतं, आणि चोवीस रेचे गप्प होते. लोकांनी हे कधी पाहिलं नव्हतं. चिंतामणराव म्हणाले, "अच्छा." ते एकदा दांड्याकडं आणि एकदा खोलीच्या दाराकडं पाहत राहिले, तक्ता मनात आल्यासारखे.

इथं गोष्ट संपेल असं उकंडरावांना वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभाननं कुपी भरली आणि तो शीळ घालत सरळ चालत्या शाफ्टजवळ गेला.

उकंडरावांनी भोकातून त्याची पाठ पाहिली आणि दांडा ओढला. वर बाया ओरडल्या. इंद्रभान वैतागून बाहेर आला. "काय झालं, मामाजी?"

"तुमी आत गेले ना."

"हाव की." मग त्याच्या लक्षात आलं. "इसरलो."

दुपारी परत विसरला. संध्याकाळी परत. पाय आपोआप तिकडं वळत. दर खेपेला उकंडराव दांडा ओढत, दर खेपेला चोवीस रेचे थांबत आणि चोवीस बाया बोलत. "बसा वो बायांनो, जवाईबापू खाली उतरले," असं अन्नपूर्णाबाईनं म्हटलं की सगळ्या फिदीफिदी हसत. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, सासऱ्यानं जावयाले तान्ह्या लेकरासारखं धरलं. चिंतामणरावांनीही एकदा विचारलं, "दिवसातून चार वेळा थांबवावंच लागतं का?"

"चारदाच तेल लागते, साहेब."

"शेठ विचारतील."

"इचारू द्या."

हसण्याचा परिणाम भलताच झाला. इंद्रभान ठरल्या वेळी जाईना. उकंडराव हौदावर पाणी पाहायला गेले की तो भुयारात शिरे आणि दोन टेकूंना तेल घालून गपचूप बाहेर येई. उकंडरावांना हे कुपीतल्या तेलावरून कळलं. तेव्हापासून त्यांनी भोकासमोरची जागा सोडली नाही. पाणी तिथंच, भाकर तिथंच. पूर्वी ते चार वेळा मोजत. आता दिवसभर डोळा दारावर ठेवून बसत. आठव्या दिवशी इंजिनाचा ठोका अडखळला म्हणून ते दोन पावलं मागं गेले, परत आले तेव्हा भुयारात उंच सावली हलताना दिसली. ती वाकलेली होती, जोडापाशी. दांड्यापर्यंत तीन पावलं होती. त्यांनी दांडा ओढला. आठ मोजले. आतून आवाज नाही.

"जवाईबापू."

आवाज नाही.

"इंद्रभान." जावयाला त्यांनी नावानं कधी हाक मारली नव्हती.

"हाओ ना," आतून रागानं उत्तर आलं. "कुपी पडली, पाह्यून राह्यलो."

उकंडराव खाली बसले. इंद्रभान बाहेर आला, त्यानं सासऱ्यांना तसं बसलेलं पाहिलं आणि कुपी घेऊन तो निघून गेला. त्या दिवशी रुख्मिणी भाकर घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, यायचं अन् तुमचं काई झालं का?"

"काई नाई."

"मंग हे जेवून काऊन नाई राह्यले?"

उकंडरावांनी आपली भाकरही तशीच फडक्यात परत बांधली.

अकराव्या दिवशी बाजार होता. बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि चिंतामणराव स्वतः काट्यावर उभे होते. दहाच्या सुमाराला उकंडरावांना इंद्रभान कुपी भरताना दिसला. त्यांनी हात दांड्यावर ठेवला. इंद्रभान शीळ घालत आला, दाराच्या चौकटीखाली वाकला, एक पाय आत टाकला. उकंडरावांचा हात ताठ झाला.

इंद्रभाननं पाय मागं घेतला.

तो चौकटीबाहेरच उभा राहिला, कुपी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. वर बाया आपल्या नादात कापूस भरवत होत्या, आत शाफ्ट फिरत होता. क्षणभर थांबून त्यानं भोकाच्या दिशेनं पाहिलं.

"ओढा ना, मामाजी," तो कुरकुरत म्हणाला. "किती वेळ उभं ठेवता मले?"